नाव हरवलेला चित्रकार आणि मेनमधील महाविद्यालय

इ. स. पूर्व पाचव्या शतकात अथेन्सचा एक चित्रकार लेकिथोस, म्हणजे तेलाच्या अरुंद गळ्याच्या कुप्या, रंगवीत असे. त्याचे नाव उरलेले नाही. अभ्यासक त्याला ‘बोडिन चित्रकार’ म्हणतात. आणि बोडिन हे अमेरिकेच्या मेन राज्यातील महाविद्यालय!

ही किमया संग्राहक एडवर्ड पेरी वॉरन (1860–1928) याची. शिक्षण हार्वर्ड आणि ऑक्सफर्डचे, पण घराण्याची कागदगिरणी मेनमध्ये. इंग्लंडमधील ल्यूस येथे राहून त्याने युरोपच्या बाजारातून प्राचीन वस्तू मिळवल्या. बॉस्टनच्या संग्रहालयासाठी तो खरेदी करी. बोडिनला त्याने भांडी दान दिली.

पुढे जॉन बीझली यांनी रेषांच्या लकबींवरून एकेका चित्रकाराचा हात ओळखला. अशा कुप्या बहुधा थडग्यांत ठेवल्या जात. पण बाजारातून आलेली कुपी नेमक्या कोणत्या थडग्यातली, हे रेषा सांगत नाहीत. ते ती उकरणाऱ्याबरोबरच गेले.