वॉचमनला लायसन्स, डिटेक्टिव्हला नाही: एका रखडलेल्या कायद्याची गोष्ट

ऑडिओ ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळलो, तिथे लिहिताना थोडं सरळ केलंय. बाकी सगळं जसंच्या तसं.

आजचा विषय जरा घरचा आहे. मागच्या मे महिन्यात त्र्यंबकला आमच्या आळीत एक माणूस आला. हातात फाईल, पाठीवर सॅक. कोपऱ्यावरच्या टपरीवर त्याने चहा घेतला आणि माझ्या चुलत बहिणीबद्दल विचारायला सुरुवात केली. शिकली कुठे, घरी कोण येतं-जातं, संध्याकाळी परत किती वाजता येते. टपरीवाल्याला म्हणाला, बँकेतून आलोय, लोनचं व्हेरिफिकेशन आहे. मेडिकलवाल्याला म्हणाला, पासपोर्टची चौकशी आहे.

पंधरा दिवसांनी उलगडा झाला. ताईचं लग्न ठरत होतं आणि मुलाकडच्यांनी डिटेक्टिव्ह लावला होता. त्याच्या रिपोर्टमध्ये एक ओळ अशी होती, की दोन वर्षांपूर्वी मुलगी मानसिक आजाराच्या गोळ्या घेत होती. हे खरं होतं. काका अचानक गेले तेव्हा सात-आठ महिने तिने गोळ्या घेतल्या होत्या. पुढे मुलाकडचे यायला तयार झाले, पण ताईनेच नकार कळवला. म्हणाली, "गोळ्यांचं मी स्वतःच सांगणार होते. पण मला विचारायच्या आधी ज्यांनी टपरीवर विचारलं, त्यांच्या घरात मी काय जाऊ?"

मी पडलो इंजिनिअर. आमच्याकडे सिस्टीममधून डेटा बाहेर गेला की पहिला प्रश्न असतो, ॲक्सेस कुणी दिला? तसंच माझ्या डोक्यात आलं, या माणसाला हे काम करायचं लायसन्स कुणी दिलं? शोधत शोधत नाशिकच्या त्या ऑफिसात गेलो. बाहेर बोर्ड, 'शासनमान्य'. आत भिंतीवर फ्रेममध्ये एक कागद. जवळ जाऊन वाचला, तर तो गुमास्ता होता! म्हणजे दुकाने आणि आस्थापना कायद्याखालचा कागद. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे थोडीच माणसं कामाला असतील तर ऑनलाइन सूचना दिली की झालं. कपड्याच्या दुकानाला मिळतो तोच कागद. दुकान चालू आहे एवढंच तो सांगतो, आत काय चालतं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

तिथून ही गोष्ट खोदायला लागलो. सुरुवात त्र्यंबकपासूनच करू, कारण माणसाची माहिती जपण्याचा धंदा आमच्या गावाला नवा नाही.

त्र्यंबकेश्वरला देवळात, कुशावर्तावर कधी आला असाल, तर कुणीतरी तुम्हाला आडनाव आणि मूळ गाव विचारलं असेल. ते तीर्थपुरोहित. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत, वंशावळी लिहिलेल्या. जुनी पानं मोडी लिपीत. तुमचे पणजोबा श्राद्धाला आले असतील तर त्यांचं नाव, भावांची नावं, मुलांची नावं, कधीकधी त्यांची स्वतःची सही. वारसाच्या भांडणात तीर्थक्षेत्रांतल्या अशा वह्या पुरावा म्हणून कोर्टापर्यंत गेल्या आहेत. म्हणजे आमच्याकडचा हा जुना डेटाबेसच.

आमच्या शेजारच्या वाड्यात असे एक काका आहेत. मी त्यांना विचारलं, "काका, उद्या कुणी अनोळखी आला आणि म्हणाला, अमक्याची वही दाखवा, तर?" ते म्हणाले, "आधी त्याला आजोबांचं नाव विचारतो रे. नाही सांगता आलं तर वही उघडतच नाही." घ्या, ऑथेंटिकेशन! आणि नोंदही तो माणूस समोर बसून स्वतः सांगतो.

उगाच कौतुक करत नाही. हा हक्क वंशपरंपरेचा, जातीने ठरलेला, त्यावर बाहेरची देखरेख नाही. पण एक गोष्ट होती. वही कुणाकडे आहे हे गावाला ठाऊक होतं. त्याने गैरवापर केला तर दार कुठे वाजवायचं ते माहीत होतं. आमच्या आळीत आलेल्या माणसाचं तर नावही कुणाला सांगता येईना.

आता जरा लांब जाऊ, पॅरिसला. खासगी डिटेक्टिव्ह हा धंदा सुरू कुणी केला? युजेन विदॉक नावाच्या माणसाने. आधी स्वतः गुन्हेगार, मग पोलिसांचा खबऱ्या, मग पोलीस अधिकारी आणि १८३३ मध्ये स्वतःचं खासगी चौकशी ऑफिस. जगातली पहिली डिटेक्टिव्ह एजन्सी म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. म्हणजे या धंद्याच्या पहिल्या पानावरच प्रश्न आहे, की या कामाला योग्य माणूस कोण, हे ठरवायचं कुणी?

साधारण १८५० मध्ये ॲलन पिंकर्टनने शिकागोत एजन्सी काढली. उघड्या डोळ्याचं चिन्ह, खाली लिहिलेलं, आम्ही कधी झोपत नाही. ती एजन्सी इतकी मोठी झाली की कारखानदार संप मोडायला तिची माणसं बोलवायला लागले. १८९२ मध्ये होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात कामगार आणि पिंकर्टनच्या माणसांत गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला, की केंद्र सरकारने अशा एजन्सीची माणसं कामावर ठेवायची नाहीत. मग एकेक राज्य नियम करायला लागलं. कॅलिफोर्नियात १९१५ पासून डिटेक्टिव्हच्या धंद्यावर नियंत्रण आहे. आज तिथे लायसन्स हवं तर हजारो तासांचा अनुभव दाखवावा लागतो आणि परीक्षा द्यावी लागते.

सगळ्या जगात असं आहे असं समजू नका. ब्रिटनने २००१ मध्ये खासगी सुरक्षेचा कायदा केला, त्यात डिटेक्टिव्हही धरले. गार्डची लायसन्स सुरू झाली, डिटेक्टिव्हचा भाग मात्र कागदावरच राहिला. शेरलॉक होम्सच्या देशात! आपली गोष्टही पुढे अशीच जाते, बघा.

आपल्याकडे डिटेक्टिव्ह आधी पुस्तकातून आला. आजोबांना विचारा, बाबूराव अर्नाळकर म्हटलं की डोळे चमकतील. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू. शेकड्यांनी रहस्यकथा. त्या कथांतल्या हिरोला लायसन्स कुणी विचारलं नाही, कारण लेखकाने आधीच ठरवलेलं असायचं की हा चांगला माणूस आहे.

खऱ्या आयुष्यात महाराष्ट्रात गाजलेलं नाव म्हणजे रजनी पंडित. वडील सीआयडीत, स्वतः रुपारेल कॉलेजात मराठी साहित्य शिकलेल्या. १९८० च्या दशकात त्यांनी मुंबईत हे काम सुरू केलं, तेव्हा बाई डिटेक्टिव्ह ही कल्पनाच लोकांना झेपत नव्हती. पुढे शहरं वाढली, चाळी गेल्या, मॅट्रिमोनी साइट आल्या. स्थळाची चौकशी पूर्वी मामा करायचा. आता मामालाही शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते माहीत नसतं. त्या रिकाम्या जागेत एजन्सी आल्या. म्हणजे गरज खरी आहे, तेवढं मान्य करू. ऑनलाइन ओळख झालेल्या माणसाचं आधीच लग्न झालंय, हे डिटेक्टिव्हमुळे कळलं आणि एखादी मुलगी वाचली, असंही घडतं.

आता मुख्य गोष्ट. २००५ मध्ये संसदेने खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा केला. त्यालाच 'पसारा' म्हणतात. तुमच्या सोसायटीचा वॉचमन, एटीएमबाहेरचा गार्ड ज्या एजन्सीचा असतो, तिला राज्याच्या नियंत्रक अधिकाऱ्याकडून लायसन्स घ्यावं लागतं. कायद्यात फी ठरवली, एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,०००, पूर्ण राज्यासाठी २५,०००. मुदत पाच वर्षं. गार्डची पार्श्वभूमी तपासायची, त्याला ट्रेनिंग द्यायचं. केंद्राच्या नमुना नियमांत वर्गातले १०० तास आणि मैदानावरचे ६० तास धरले होते. लायसन्सशिवाय एजन्सी चालवली तर वर्षभरापर्यंत कैद, २५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. पण हा कायदा माणसाच्या आणि मालमत्तेच्या राखणीपुरता. चौकशी करणारा त्यात येत नाही.

ती उणीव भरायला २००७ मध्ये राज्यसभेत खासगी डिटेक्टिव्ह एजन्सी नियमन विधेयक आलं. केंद्रात एक मंडळ, राज्याराज्यांत मंडळं, प्रत्येक एजन्सीला लायसन्स सक्तीचं. ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं आणि रखडलं. राज्यसभेत मांडलेलं विधेयक लोकसभा बरखास्त झाली तरी मरत नाही. म्हणून हे बिचारं वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं. पुढे सरकारने ते मागे घेतलं. त्याजागी नवा कायदा आलेला नाही.

या विधेयकाच्या नशिबातला एक योगायोग ऐका. २०१३ मध्ये दिल्लीत बातमी फुटली, की अरुण जेटलींच्या मोबाइलचे कॉल रेकॉर्ड बेकायदा काढले गेलेत. अटक झालेल्यांत एक पोलीस कॉन्स्टेबल होता आणि खासगी डिटेक्टिव्ह होते. जेटली तेव्हा राज्यसभेत विरोधी पक्षनेते होते. ज्या सभागृहात ते बसत, तिथेच डिटेक्टिव्हना शिस्त लावणारं विधेयक सहा वर्षं पडून होतं! त्यानंतर कॉल रेकॉर्ड मागवायचे नियम पोलिसांसाठी कडक झाले. डिटेक्टिव्ह जिथे होते तिथेच राहिले. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल रेकॉर्ड विकणारं रॅकेट उघड केलं, त्यातही अटक झालेल्यांत खासगी डिटेक्टिव्ह होतेच.

आता तुम्ही म्हणाल, लायसन्स नाही म्हणजे काहीही चालतं का? तर नाही. सरकारी माणूस असल्याची बतावणी करणं गुन्हा आहे. दुसऱ्याच्या फोनमध्ये, ईमेलमध्ये परवानगीशिवाय शिरणं आयटी कायद्यात बसत नाही. बाईचा पाठलाग हा २०१३ पासून वेगळा गुन्हा आहे. सरकारने गुन्हा रोखायचं काम सोपवलेल्यांना त्यातून सूट आहे, पण डिटेक्टिव्हला काम सरकार देत नाही, गिऱ्हाईक देतं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय.

पण हे सगळं झाल्यावरचं आहे. गुन्हा घडल्यावर पोलीस. लायसन्सचं काम त्याआधीचं असतं. हा माणूस कोण, आधी शिक्षा झालीय का, माहिती कशी मिळवतो, किती दिवस ठेवतो, चुकला तर धंदा बंद कोण करणार? आज याचं उत्तर देणारं एक टेबलही सरकारी ऑफिसात नाही. मला वाटतं कारण साधं आहे. वॉचमन गणवेशात दारावर उभा असतो, सगळ्यांना दिसतो. डिटेक्टिव्हचं काम न दिसण्याचं आहे, म्हणून त्याचा कायदाही कुणाला दिसला नाही. लायसन्सने सगळे सुधारतील असं नाही, ड्रायव्हिंग लायसन्स असून आपण कसे चालवतो ते माहीतच आहे. पण निदान नंबर प्लेट तरी असते.

तोपर्यंत आपल्या हातात काय? कुणी बँकेचं, पासपोर्टचं नाव सांगून शेजाऱ्यांबद्दल विचारत असेल तर आधी ओळखपत्र मागा, फोटो काढतो म्हणा. खऱ्या माणसाला राग येत नाही. एजन्सी लावायची वेळ आलीच तर काय करणार नाही ते लेखी घ्या. कॉल रेकॉर्ड काढून देतो असं म्हणाली तर तिथूनच परत फिरा. आणि मेडिकलवाल्यांनो, औषधाची चिठ्ठी ही टपरीवरची गप्प नाही.

आमचा मेडिकलवाला नंतर घरी आला होता. काकूंसमोर बसून रडला. "मला वाटलं सरकारी माणूस आहे," म्हणाला. ताईने त्याला पाणी दिलं, चहा दिला. मग शांतपणे म्हणाली, "सरकारी असता तरी सांगायचं नव्हतं, दादा."

तुमच्याकडे असा कुणी येऊन गेला असेल तर मला कळवा, नाव-गाव न सांगता. भेटू पुढच्या भागात!