प्रभादेवीचा बाजार

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपली दृष्टि ताम्रपटांकडे व बखरींकडे जाते. बाजाराकडे सहसा कोणी वळत नाहीं. वास्तविक एखादी वस्ती कोणाच्या मिळकतीवर जगली, हें तिच्या बाजाराइतकें स्पष्टपणें क्वचितच दुसरें कांहीं सांगतें. मुंबईंतील प्रभादेवीचें उदाहरण आम्ही एवढ्यासाठींच वाचकांपुढें ठेवीत आहों.

वस्तीचें नांव देवीचें. पण येथील जुन्या बाजाराचें नांव आगर बाजार. आगर म्हणजे नारळीपोफळींची वाडी किंवा मिठागर; आगरी हें जातिनामहि याच शब्दाचें. 19 नोव्हेंबर 1801 रोजीं सिद्धिविनायकाचें लहानसें देऊळ येथें उभें राहिलें, तें देऊबाई पाटील या निपुत्रिक आगरी बाईच्या द्रव्यानें. थोड्या अंतरावर सेंचुरी बाजार लागतो. त्याचें नांव 1897 सालीं स्थापन झालेल्या सेंचुरी गिरणीचें. एका नांवांत आगर, दुसऱ्यांत गिरणी. वाट थोड्या मिनिटांची, परंतु मध्यें एक युग उलटलें आहे.

गिरणीच्या काळीं वाण्याची उधारी कामगाराच्या पगारावर फिटे. 18 जानेवारी 1982 रोजीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्या जुन्या व्यवहाराचा पायाच खचला. 12 मार्च 1993 च्या स्फोटांत शहरांत 257 माणसें मेलीं. त्यांतील एक भीषण स्फोट सेंचुरी बाजारापाशींच झाला. आज गिरण्यांच्या जागीं उंच इमारती व कचेऱ्या आहेत, आणि देवळाभोंवतीं दूर्वा, जास्वंद, मोदक व पेढे यांचीं दुकानें. बाजार राहिला, गिऱ्हाईक बदललें.

गिऱ्हाईक बदललें तरी वाटा जुन्याच राहिल्या. 29 सप्टेंबर 2017 रोजीं एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पुढें जुलै 2018 मध्यें त्या स्थानकास प्रभादेवी हें नांव मिळालें. गव्हर्नराच्या नांवाच्या जागीं गांवदेवीचें नांव आलें, हें उचितच झालें. परंतु नांवें बदलणें सोपें, वाटा रुंद करणें कठीण. ज्यांच्या श्रमांवर बाजार वाढला त्यांना त्यांतून सुखरूप घरीं जातां यावें, हाच कोणत्याहि नगररचनेचा पहिला नियम असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.