गणपतीची शाळा आणि चित्रकलेचा तास : रत्नागिरीतली मुलं कला कुठे शिकतात?

कोकणात गणेशमूर्ती घडवण्याच्या जागेला ‘गणपतीची शाळा’ म्हणतात. तिथे हजेरीपट नसतो आणि परीक्षाही नसते. तरीही रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांमध्ये अनेक मुलांच्या हाताला पहिल्यांदा माती आणि रंग लागतात ते तिथेच. दुसरी शाळा सरकारी वेळापत्रकातली. तिथे चित्रकलेचा तास असतो, पण तो घ्यायला कलाशिक्षक असेलच असं नाही. असं का होतं, आणि त्यावर काय करता येईल?

गणपतीच्या शाळेत काय शिकायला मिळतं?

पावसाळ्यात घरोघरचे पाट मूर्तिकाराकडे पोहोचतात आणि त्या त्या घरची मूर्ती त्याच पाटावर तयार होते. मुलं आधी नुसती बघत बसतात. मग माती मळणं, साच्यात दाबणं, जोड बुजवणं अशी कामं त्यांच्याकडे येतात. माती वाळताना आकसते. थर कमी-जास्त झाला तर तडा जातो. सोंड, हात आणि पोट यांचं प्रमाण डोळ्यांनीच जोखावं लागतं. डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती सगळ्यात सरावलेल्या हाताकडेच असते. प्रमाण, तोल, रंगसंगती हे शब्द न वापरताच मुलं ते सगळं शिकतात.

शाळेत कलाशिक्षक का नसतो?

शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत 100 पेक्षा जास्त मुलं असतील, तरच कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे. पहिली ते पाचवीसाठी अशी वेगळी तरतूद नाही. तिथे वर्गशिक्षकच कला शिकवतात.

मोठ्या शहरातल्या शाळेला ही अट अडचणीची वाटत नाही. रत्नागिरीत मात्र वस्ती डोंगरउतारावरच्या वाड्यांमध्ये विखुरलेली आहे. वाडीवरच्या शाळेचा पट लहान असतो. त्यामुळे कला विषय पुस्तकात राहतो, पण तो शिकवणारा माणूस नियमाप्रमाणे येतच नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा कशासाठी?

राज्याचं कला संचालनालय शासकीय रेखाकला परीक्षा घेतं. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे भाग असतात. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला श्रेणीनुसार वाढीव गुण मिळतात :

- ए श्रेणी : 7 गुण
- बी श्रेणी : 5 गुण
- सी श्रेणी : 3 गुण

या गुणांमुळे पालक चित्रकलेकडे लक्ष देऊ लागले, हा फायदाच आहे. पण सगळा भर गुणांवर राहिला, तर मुलं ठरावीक स्मरणचित्र घोटून जातात आणि स्वतः बघून काढायचं राहूनच जातं.

पुढे कलेतच शिकायचं असेल, तर जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातल्या सावर्डे इथे कला महाविद्यालय आहे. मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय तर 1857 पासूनचं.

चित्र काढल्याने गणिताचे गुण वाढतात का?

असा दावा सोशल मीडियावर अनेकदा दिसतो. अमेरिकेतल्या एलन विनर आणि लोइस हेटलंड या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्याला भक्कम आधार मिळाला नाही. कलेच्या वर्गांचं निरीक्षण केल्यावर त्यांना वेगळे फायदे दिसले : बारकाईने बघणं, चिकाटीने काम पूर्ण करणं, आपलंच काम तपासणं, चुकण्याची भीती न बाळगता नवं करून बघणं. म्हणजे कलेची किंमत दुसऱ्या विषयाच्या गुणांवरून ठरवायची गरज नाही.

दोन्ही शाळा जोडता येतील का?

नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरणात, म्हणजे 2020 च्या धोरणात, दोन गोष्टी सुचवल्या आहेत. स्थानिक कलाकार आणि कारागीर यांना निदेशक म्हणून शाळेत आणायचं, आणि सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायचं.

रत्नागिरीत यासाठी लांब जायला नको. त्या दहापैकी काही दिवस गणपतीच्या शाळेत जाऊ शकतात. एक दिवस कातळशिल्पांसाठी ठेवता येईल. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या आत इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. तो हत्ती पावलांनी मोजून वहीत छोट्या प्रमाणात उतरवला, तर चित्रकला, भूमिती आणि इतिहास एकाच दिवशी शिकून होतात.

मूर्तिकाराला शाळेत बोलावण्याचा विषय पालकांना शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडता येतो. मात्र त्याच्या वेळेचं मानधन ठरवायला हवं. श्रावण-भाद्रपदात त्याला मान वर करायला फुरसत नसते. त्यामुळे शाळेतले तास गणपतीनंतर ठेवलेले बरे. पट 100 च्या वर जाण्याची वाट बघत बसलं, तर वाडीवरच्या मुलांची शाळकरी वर्षं तशीच निघून जातील.