निसार : एका अर्धवट राहिलेल्या बेताचा इतिहास

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु यंत्रांनाही इतिहास असतो, आणि त्यातील कसोटीचा काळ यंत्र कागदावर असतानाचाच असतो. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटा येथून 'निसार' हा रडार-उपग्रह आकाशात गेला. त्याच्या आखणीची हकीकत आज आपण पाहू.

साध्या कॅमेऱ्याला ऊन लागते आणि ढग आडवा आला की तो आंधळा होतो. पुराची भीती असते ती आषाढ-श्रावणात, आणि आकाश झाकलेले असते तेही तेव्हाच. रडार स्वतःच रेडिओलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपते. त्याला रात्र नाही आणि ढगही नाही. अडचण एवढीच, की इतक्या उंचीवरून बारकावे दिसावयाचे तर कित्येक किलोमीटर लांबीची अँटेना हवी. 1951 साली कार्ल वायली या अमेरिकन अभियंत्याने युक्ती काढली : यंत्र पुढे सरकतच असते, निरनिराळ्या जागी मिळालेले प्रतिध्वनी गणिताने एकत्र जोडावेत, म्हणजे छोटी अँटेना मोठीचे काम करील. जून 1978 मध्ये अमेरिकेच्या 'सीसॅट'ने ही युक्ती अंतराळातून करून दाखविली. 105 दिवसांनी वीजप्रवाहात बिघाड होऊन तो बंद पडला. पण वाट सापडली होती.

मग प्रश्न उरतो तो निवडीचा. आखूड लहरी झाडाच्या शेंड्यावरूनच परततात, लांब लहरी पाने भेदून खोडापर्यंत जातात. जमीन किती सरकली हे मोजावयाचे तर तीच जागा त्याच वाटेवरून पुन्हा पुन्हा पाहावी लागते. म्हणजे काय पाहावयाचे हे आधी ठरवावे, मग यंत्र.

2007 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी असा बेत मांडला. त्यात रडार होते, लेसरही होता. पुढे खर्चाच्या विचाराने लेसर गळाला आणि साराच बेत अधांतरी राहिला. तेव्हा भागीदार शोधण्याची वेळ आली. 30 सप्टेंबर 2014 रोजी टोरांटो येथे नासाचे चार्ल्स बोल्डन आणि इस्रोचे के. राधाकृष्णन यांनी करारावर सह्या केल्या. सुमारे 24 सेंटिमीटर लहरींचे रडार आणि 12 मीटर व्यासाची जाळीदार छत्री अमेरिकेची. सुमारे 9 सेंटिमीटर लहरींचे रडार, उपग्रहाचा सांगाडा आणि प्रक्षेपक भारताचा. 2024 साली त्या छत्रीची घडी अपेक्षेहून अधिक तापेल असे दिसताच ती कॅलिफोर्नियाला परत गेली, तिच्यावर लेप चढला, आणि मुहूर्त पुढे गेला. ही ढिलाई नव्हे. अंतराळात सुतार पाठविता येत नाही.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. 1992 साली रशियाकडून क्रायोजेनिक इंजिने घेण्याच्या व्यवहारावरून अमेरिकेनेच इस्रोवर निर्बंध घातले होते. पुढे हे तंत्र आपल्या लोकांनी स्वतः साधले, आणि त्याच तंत्रावर चालणाऱ्या जीएसएलव्हीच्या खांद्यावर नासाचे रडार वर गेले! ज्याच्या हाती काही आहे त्याच्याशीच भागीदारी होते, हा या प्रकरणाचा धडा आम्हांस मोलाचा वाटतो.

निसार दर 12 दिवसांनी आपल्या ठरल्या वाटेवर परततो. एका खेपेस 240 किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहतो, आणि जमिनीचे काही सेंटिमीटरांचे सरकणेही ओळखू शकतो. त्याची माहिती जगाला विनामूल्य द्यावयाची, हेही आखणीतच ठरले. मात्र भूकंपाची तारीख तो सांगणार नाही. कोणती टेकडी सरकते आहे, कोणता बांध खचतो आहे, एवढे तो दाखवील. दिसल्यावर तो बांध वेळेवर दुरुस्त करावयाचा की नाही, याची आखणी मात्र आपणच करावयाची आहे.