चोरी-सूचक यंत्रणा, मोटारसायकलीची
चोरी-सूचक यंत्रणा, मोटारसायकलीची : उभ्या मोटारसायकलीस कोणी हलविताच ध्वनीने इशारा देणारी विद्युत् यंत्रणा. तिचे मूळ घरफोडी-सूचकात आढळते. अमेरिकेत ऑगस्टस रसेल पोप यांनी १८५३ मध्ये विद्युत् चुंबकीय सूचकाचे एकस्व (पेटंट) मिळविले. दार वा खिडकी उघडताच त्यातील विद्युत् मंडल पूर्ण होऊन घंटा वाजे. एडविन होम्स यांनी पुढे त्याचे हक्क घेऊन प्रसार केला.

मोटारगाडीस दारे असल्याने हे तत्त्व तिला सहज लागू पडले. मोटारसायकलीस दार नसते आणि ती उचलूनही नेता येते. म्हणून तिच्यासाठी कंपन व कल ओळखणारे संवेदक योजावे लागले. जुन्या काही यंत्रणांत गाडी कलताच पारा सरकून मंडल पूर्ण होई. यूरोपीय समुदायाच्या १९९३ च्या निदेशात मात्र हँडल अथवा शक्तिसंक्रमण जखडणाऱ्या साधनांवर भर होता.

निवड करताना संवेदनक्षमता प्रथम पाहावी लागते. ती फाजील असल्यास जवळून जाणाऱ्या मालमोटारीच्या हादऱ्यानेही भोंगा वाजतो. वारंवारच्या खोट्या इशाऱ्यांमुळे शेजारी लक्ष देईनासे होतात व खऱ्या चोरीच्या वेळीही कोणी बाहेर येत नाही. यंत्रणा सतत थोडा विद्युत् प्रवाह घेत असल्याने दीर्घकाळ उभ्या गाडीची लहान घटमाला निकामी होऊ शकते. शिवाय सूचक गाडी अडवून धरीत नाही. त्यामुळे त्याच्या जोडीस यांत्रिक कुलूप आवश्यक असते.