बीपीची गोळी घ्यायला आपण कसे शिकलो

सुरुवात एका साध्या प्रश्नानं करू. इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरात बीपीची गोळी आहे? हात मोजायची गरज नाही, जवळजवळ सगळेच वर आहेत. आता दुसरा प्रश्न. गेल्या महिन्यात एकही दिवस न चुकता ती घेतली गेली, असं किती जण छातीठोकपणे सांगतील? बघा, हात खाली आले.

आमच्या एका मावशीची गोष्ट सांगतो. पंचावन्नाव्या वर्षी तिला गोळी सुरू झाली. वर्षभर तिनं नेमानं घेतली, मग म्हणाली, "मला काही होत नाही, आता बरी आहे मी," आणि बंद केली. दोन वर्षांनी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पुढे तिचं कपाट आवरताना अर्ध्या संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या, रुमालात नीट गुंडाळून ठेवलेल्या. कितीतरी वर्षं आम्ही घरातले सगळे म्हणत राहिलो की मावशीनं हलगर्जीपणा केला.

या विषयाचा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा आमचं मत बदललं. जो आजार जाणवत नाही, त्यासाठी रोज औषध घ्यायचं, ही माणसाला उपजत येणारी गोष्ट नाही. खुद्द डॉक्टरांनाही ती शिकायला निम्मं शतक लागलं. आज तीच शिकण्याची गोष्ट सांगायची आहे.

रक्तदाब मोजता येणं ही तशी अलीकडची गोष्ट. दंडाला पट्टा बांधून पाऱ्यानं दाब मोजायचं सुटसुटीत साधन इटलीतल्या रिवा-रोची यांनी १८९६ साली मांडलं. १९०५ मध्ये रशियातल्या कोरोत्कोव यांनी स्टेथोस्कोपनं नाडीचे आवाज ऐकून वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे काढायची रीत दिली. आकडा कळायला लागला, पण त्याचं करायचं काय, हे कळत नव्हतं. वय वाढलं, रक्तवाहिन्या कडक झाल्या, की त्यांतून रक्त ढकलायला शरीराला जास्त दाब लागतोच, तो उतरवला तर उलट अपाय होईल, असं तेव्हाचे मोठमोठे वैद्य मानत. 'इसेन्शियल हायपरटेन्शन' हे नाव आजही वापरात आहे. त्यातल्या 'इसेन्शियल' या शब्दाचा अर्थ 'आवश्यक' असाच अनेकांनी घेतला होता.

याची किंमत किती मोठी होती, ते एका उदाहरणावरून दिसतं. मार्च १९४४ मध्ये हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना तपासलं. दाब होता १८६/१०८. हातात उपाय काय होते? मीठ कमी करा, विश्रांती घ्या, आणि थकलेल्या हृदयासाठी डिजिटॅलिस. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट डोकं दुखतंय असं म्हणत कोसळले. तेव्हा मोजलेला दाब ३००/१९० होता. मेंदूत रक्तस्राव होऊन ते त्याच दिवशी गेले, वय ६३. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाला जी गोळी मिळाली नाही, ती आज आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मावशीच्या कपाटातही ती होतीच.

मग औषध आलं कुठून? इथे गोष्ट आपल्याकडे वळते. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या परंपरेला जुनी ओळखीची. साप चावल्यावर, झोप येत नसल्यास आणि वेड लागलेल्यांसाठी तिची मुळी देत. बिहारकडे तर तिला 'पागल की दवा' असंच म्हणत. १९३१ साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की, ही मुळी वेडावर चालते, तशी वाढलेल्या रक्तदाबावरही चालते. पण ते भारतातल्या नियतकालिकात आलं, जगाचं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही.

लक्ष वेधलं मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. के. ई. एम. रुग्णालयात काम करणारे हे पारशी हृदयतज्ज्ञ. त्यांनी ५० रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन दाबाच्या नोंदी ठेवल्या, आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध छापला. तो वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ही मुळी मागवून वापरून पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, त्याचं नाव रेसर्पिन. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईतल्या एका डॉक्टरच्या टिपणवहीतून जगाच्या हाती रक्तदाबाचं औषध आलं, हे आपण क्वचितच आठवतो.

पण इथेच पहिला धडा मिळाला. रेसर्पिन भराभर खपलं, आणि काही रुग्ण उदास व्हायला लागले. काही तर इतके, की जगणं नकोसं झालं. मात्रा जास्त असली की हे विशेष दिसे. म्हणजे 'झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होतंय' हे खरं नाही. आजही सर्पगंधा असलेल्या गोळ्या बाजारात आहेत. कुणी सांगितलं म्हणून त्या घ्यायच्या आणि वर डॉक्टरांची गोळीही चालू ठेवायची, तर एकाच कामाची दोन औषधं पोटात जातात. आयुर्वेदिक असो, होमिओपॅथिक असो, काय काय घेतो ते डॉक्टरांपुढे ठेवायचं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

मात्रेचा धडा पुढेही पुन्हा गिरवावा लागला. १९५८ च्या सुमारास क्लोरोथायाझाइड ही लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी गोळी आली. सुरुवातीला या जातीच्या गोळ्या भरपूर मात्रेत देत, पोटॅशियम उतरे. नंतर कळलं की बरंचसं काम थोड्या मात्रेत होतं. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरचा अभ्यास सेर्जिओ फेरेरा यांनी लंडनला नेला, आणि त्या वाटेनं पुढे कॅप्टोप्रिल तयार झालं. त्याचंही तेच. पहिल्या काळात मोठी मात्रा, मग अंगावर पुरळ, तोंडाची चव जाणं, मूत्रपिंडाच्या तक्रारी. मात्रा उतरवली तेव्हा औषध सुसह्य झालं. म्हणून 'आज दाब जास्त वाटतोय, दोन घेऊन टाकतो' हे करायचं नाही. डॉक्टरांनी पाच मिलिग्रॅम लिहिलं, तर त्या पाचामागे हा सगळा इतिहास आहे.

आता दुसरा धडा. दाब उतरतो, ते ठीक, पण त्यानं माणूस वाचतो का? याचं उत्तर १९६७ पर्यंत पक्कं नव्हतं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी १४३ पुरुषांवर तुलना केली. खालचा दाब ११५ ते १२९. निम्म्यांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या. खऱ्या गोळ्यांत एक रेसर्पिन होतं, आपल्या सर्पगंधेतलं. निकाल काय? औषध नसलेल्या गटात २७ जणांना गंभीर त्रास झाला, औषधाच्या गटात दोघांना. फरक इतका स्पष्ट होता की ही तुलना पुढे चालू ठेवणं योग्य ठरलं नसतं.

या अभ्यासातली एक बारीक गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. फ्रीस यांनी सुरुवातीला सगळ्यांना बिनऔषधाच्या गोळ्या दिल्या, त्यांत रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व घातलेलं. ते पोटात गेलं असेल तर विशिष्ट प्रकाशात लघवी चमकते. शिवाय उरलेल्या गोळ्या मोजल्या. जे नेमानं घेत नव्हते, त्यांना आधीच गाळलं. म्हणजे गोळी जीव वाचवते हे ज्या अभ्यासानं सिद्ध केलं, तो अभ्यास गोळी खरोखर घेणाऱ्यांवरच झाला होता. रुमालात गुंडाळलेल्या गोळीबद्दल त्यानं काहीच वचन दिलं नव्हतं.

तिसरा धडा गोळी अचानक थांबवण्याचा. क्लोनिडिन नावाचं औषध मुळात नाक मोकळं करण्यासाठी शोधत होते, त्यानं दाब उतरतो असं दिसलं म्हणून ते इकडे आलं. १९७० च्या दशकात ध्यानात आलं की ते एकदम बंद केलं तर दाब उसळून पहिल्यापेक्षाही वर जातो. प्रोप्रॅनोलॉल हे जेम्स ब्लॅक यांचं गाजलेलं औषध. हृदयाचा विकार असलेल्यांनी ते तडकाफडकी सोडलं तर छातीत दुखणं वाढतं, क्वचित झटकाही येतो, हे त्याच दशकात नोंदलं गेलं. म्हणून गावाला जाताना गोळ्या संपल्या, उपास आहे, लग्नघरात धावपळ आहे, ही कारणं लहान वाटली तरी लहान नाहीत. काही गोळ्या पायरीपायरीनंच उतरवाव्या लागतात, आणि त्या पायऱ्या डॉक्टरांनी ठरवायच्या.

चौथा धडा मात्र आमच्यासारख्या व्याख्यान देणाऱ्यांच्या अंगाशी येणारा आहे. कॅनडात हॅमिल्टन इथे डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलाद कारखान्यातल्या कामगारांना रक्तदाबाची सगळी माहिती नीट शिकवली. १९७५ मध्ये निष्कर्ष छापला: माहिती वाढली, गोळ्या घेणं वाढलं नाही! म्हणजे आमच्या आजच्या बोलण्यानं तुमची गोळी नियमित होईल अशी आशा आम्ही धरायची नाही. पण पुढच्याच वर्षी ब्रायन हेन्स आणि मंडळींनी दुसरं काही करून पाहिलं. कामगारांना दाब स्वतः मोजायला शिकवलं, आकडे आणि घेतलेल्या गोळ्या तक्त्यात लिहायला लावल्या, गोळी रोजच्या एखाद्या सवयीला जोडून दिली आणि अधूनमधून भेटून चौकशी केली. त्यानं फरक पडला. शहाणपण सांगून भागत नाही, चहाच्या कपाशेजारी गोळीचा डबा ठेवावा लागतो, एवढंच त्याचं सार.

आपल्याकडेही हेच सूत्र आता आलं आहे. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा इथून सुरुवात झाली. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, घराजवळच्या केंद्रात पुरवठा, आणि जो आला नाही त्याचा पाठपुरावा.

तर या इतिहासातून रोजच्या वापरासाठी काय घ्यायचं? गोळी रोज एका ठरलेल्या वेळी. विसरलात तर आठवल्यावर घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम नकोत. दाब मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, हात छातीच्या पातळीवर, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही. आकडा वहीत लिहा. अम्लोडिपिननं पाय सुजू शकतात, एनालाप्रिल-रामिप्रिलनं कोरडा खोकला येऊ शकतो. असं झालं तर गोळी मनानं टाकू नका, डॉक्टरांना सांगा, बदलून मिळते. उठताना चक्कर येत असेल तर तेही सांगा. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या दाब वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात, त्या विचारल्याशिवाय नकोत. जुलाब-उलट्या जोरात झाल्या तर काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, लगेच फोन करून विचारा. दिवस गेले असतील किंवा जायची शक्यता असेल तर आधीच सांगा, कारण 'प्रिल' आणि 'सार्टन' जातीच्या गोळ्या पोटातल्या बाळाला अपाय करतात. शेजारच्यांची गोळी आपली नाही. आणि तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली, बोलणं अडखळलं, छातीत दुखलं, तर घरगुती उपाय नकोत, थेट रुग्णालय.

मावशीकडे परत येऊ. ती हलगर्जी नव्हती. वर्षभर गोळी घेतली, बरं वाटलं, म्हणून थांबवली. ताप उतरल्यावर आपण सगळे हेच करतो. ही गोळी आजार बरा करत नाही, तो रोजच्या रोज थोपवून धरते, हे तिला कुणी बसून सांगितलं नाही. महिन्यानं कुणी विचारलंही नाही की, मावशी, पट्टी संपली का. विचारायचं काम आमचं होतं. आज घरी गेल्यावर तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांची पट्टी एकदा हातात घेऊन बघा, किती गोळ्या उरल्या आहेत ते.