आयसीयूत दोन रुग्ण, जंतू एकच: संसर्ग पसरला की योगायोग? समजून घ्या

समजा, डोंबिवलीतल्या एका आयसीयूत आठवडाभरात दोन रुग्णांच्या रक्तात क्लेबसिएला हा जिवाणू सापडला. तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला का? याचं उत्तर 'टायपिंग' चाचणीतून शोधता येतं.

रुग्णालयात लागलेला संसर्ग कसा ओळखतात?
दाखल होताना नसलेला आणि साधारण ४८ तासांनंतर सुरू झालेला संसर्ग या प्रकारात मोडतो. लघवीची नळी, सेंट्रल लाइन, व्हेंटिलेटर आणि ऑपरेशनची जखम हे त्याचे मुख्य मार्ग.

टायपिंग म्हणजे काय?
कल्चर रिपोर्टमध्ये जंतूचं नाव आणि कोणतं अँटिबायोटिक चालेल ते कळतं. पण नाव म्हणजे फक्त आडनाव. एकाच आडनावाची माणसं एकाच घरातली असतीलच असं नाही. टायपिंग ते घर शोधतं.

- पीएफजीई: डीएनएचे तुकडे करून बारकोडसारख्या पट्ट्या जुळवतात.
- एमएलएसटी: साधारण सात ठरावीक जनुकं तपासतात.
- जीनोम सिक्वेन्सिंग: जवळपास संपूर्ण डीएनए वाचतात. ही सर्वांत बारकाईची पद्धत.

भारतात काय आढळलं?
मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात २००९ मध्ये कार्बापेनेम या प्रभावी अँटिबायोटिक्सना न जुमानणाऱ्या २४ जिवाणू नमुन्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ जनुक सापडलं. २०१० मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मधल्या अभ्यासात टायपिंगने पुढचा फरक दाखवला. हरियाणातले बहुतेक नमुने एकाच वाणाचे होते, चेन्नईतले वेगवेगळ्या वाणांचे. म्हणजे एकीकडे जंतूच पसरत होता, तर दुसरीकडे जनुक एका जंतूतून दुसऱ्यात जात होतं.

ठाणे-कल्याणकरांसाठी महत्त्वाचं का?
डोंबिवलीचं शास्त्रीनगर किंवा कल्याणचं रुक्मिणीबाई रुग्णालय इथून गंभीर रुग्णांना कळवा किंवा मुंबईला पाठवलं जातं. रुग्णासोबत जंतूही प्रवास करू शकतो. त्यामुळे नमुने जपून ते दुसऱ्या रुग्णालयातल्या नमुन्यांशी ताडून पाहावे लागतात. वाण एकच निघाला, तर सिंक, उपकरणं, हातांची स्वच्छता तपासायची. वेगळा निघाला, तर उगाच कुणा कर्मचाऱ्यावर ठपका येत नाही. मात्र कुणाकडून कुणाला लागण झाली, हे ठरवताना बेड आणि तारखांची नोंदही लागते.

नातेवाईकांनी काय करावं?
रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा. 'नळी अजून गरजेची आहे का?' हे डॉक्टरांना रोज विचारा. रुग्णाला हलवताना कल्चर रिपोर्ट सोबत घ्या आणि नव्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवा.